आधी पत्रपेटीवर नाव लावा: गोव्याहून जर्मनीला जाणाऱ्यांसाठी पत्त्याच्या नोंदणीची माहिती

यंदा चवथीला डिचोलीला घरी आले आणि माटोळी उतरायच्या आधीच शेजारच्या काकी मुलाला घेऊन पडवीवर येऊन बसल्या. मुलगा ऑक्टोबरच्या सेमिस्टरला बर्लिनला चाललाय. व्हिसा झाला, तिकीट झालं, बॅगेत सोलं नि खोबरेल तेल किती न्यायचं तेसुद्धा ठरलं, पण तिथे पोचल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत काय करायचं विचारलं तर त्याला एवढंच माहीत, की काहीतरी रजिस्ट्रेशन असतं. मी आणि माझा नवरा बर्लिनमध्ये सात वर्षं राहतोय आणि दर वर्षी कोणाला ना कोणाला हेच सगळं व्हॉइस नोटवर सांगत असते, म्हणून या वेळी म्हटलं एकदा नीट लिहूनच काढते.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. एक आहे पत्त्याची नोंदणी, तिला आन्मेल्डुंग म्हणतात. ती फक्त परदेशी लोकांची नसते, जर्मन माणूससुद्धा घर बदललं की करतो. ती होते ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे आपल्या पालिकेचं नागरिकांसाठीचं ऑफिस असतं तसं, काही शहरांत त्याला ब्युर्गरब्युरो म्हणतात. दुसरी गोष्ट राहण्याचा परवाना. तो परदेशी लोकांच्या वेगळ्या ऑफिसातून मिळतो, त्याचं नाव आउसलेंडरबेहोर्डे. पहिली झाल्याशिवाय दुसरी पुढे सरकत नाही. बँकेतलं खातं, टॅक्सचा नंबर, पगार, विमा, सगळं त्या पत्त्याच्या कागदाला बांधलेलं असतं, त्यामुळे पत्ता आधी, बाकी सगळं मागाहून.

गोव्यातून निघायच्या आधी

कागद बघा आणि कागदांवरचं नाव बघा. पोर्तुगीज काळापासून आपल्याकडे एकाच आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं चालत आलीत. नाईक कोणाचं शेवटी 'के' तर कोणाचं 'क्यू-यू-ई', शिरोडकर कोणी 'एस-एच'ने लिहितं तर कोणी 'एक्स'ने, आणि एकाच घरात बापाच्या कागदावर एक नि मुलाच्या कागदावर दुसरं. इथे कोणाला त्याचं काही वाटत नाही, मामलेदार ऑफिसातला माणूससुद्धा बघून समजून घेतो. तिथे घेत नाहीत. पासपोर्टवर एक अक्षर वेगळं असेल तर त्यांच्या लेखी ती दुसरी व्यक्ती. म्हणून पासपोर्ट, जन्मदाखला, डिग्री आणि लग्न झालं असेल तर लग्नाचा दाखला, सगळे एका टेबलावर ठेवून नाव अक्षर अक्षर जुळवून बघा. साधी चूक असेल तर वेळेत दुरुस्त करून घ्या, खरोखर नाव बदलायचंच असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे आणि त्या प्रक्रियेला वेळ जातो, तिकीट काढल्यावर पळापळ करून ते होत नाही.

पासपोर्टवर 'सरनेम'चा रकाना रिकामा असेल तर तो आधी भरून घ्या. आणि तुमच्या 'गिव्हन नेम'मध्ये वडलांचं नाव असेल तर तिथे तुमचं पहिलं नाव म्हणून ती दोन्ही नावं एकत्र लागणार, विम्याच्या कार्डावर, बँकेत, सगळीकडे. त्याने घाबरू नका, फक्त प्रत्येक फॉर्मवर तसंच्या तसं लिहा. एका ठिकाणी छोटं नि दुसऱ्या ठिकाणी पूर्ण असं करू नका.

लग्न झालेल्यांनी एक लक्षात ठेवा. गोव्यात कायद्याने लग्न धरलं जातं ते सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन सह्या झाल्यावर. पहिली सही करून नोटीस लागते नि मुदत संपल्यावर दुसरी सही. मंगल कार्यालयातलं जेवण, फोटो, सगळं झालं पण दुसरी सही राहिली अशी जोडपी मी स्वतः बघितलीत, आणि त्यांना हे कळलं ते बायकोच्या व्हिसाचे कागद जमवताना. दाखल्याची मूळ प्रत सोबत न्या. जर्मन भाषांतर लागलं तर ते शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडूनच घ्यावं लागतं, ते तिथे गेल्यावरही करता येतं.

पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांसाठी दोन ओळी, कारण आपल्याकडे प्रत्येक वाड्यावर कोणीतरी असतंच. तुम्ही युरोपियन युनियनचे नागरिक म्हणून जाता, त्यामुळे आउसलेंडरबेहोर्डेकडून परवाना घ्यायची गरज नाही. पण आन्मेल्डुंग तुम्हालाही करावीच लागते, त्यातून सूट नाही.

घर बघताना

हा भाग सावकाश वाचा, मी सगळ्यात जास्त चुका इथे बघितल्यात आणि आमची पण इथेच झाली.

नोंदणीसाठी जो मुख्य कागद लागतो त्याचं नाव आहे वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव वाचून दम लागतो, पण कागद एका पानाचा आहे. घर देणारा लिहून देतो की अमुक माणसं अमुक तारखेला या पत्त्यावर राहायला आली, खाली त्याची सही. २०१५ च्या १ नोव्हेंबरपासून हा कागद सक्तीचा आहे. भाड्याचं ॲग्रीमेंट दाखवून चालत नाही, भाडं भरल्याची पावती चालत नाही, हाच कागद लागतो. घर देणारा म्हणजे मालकच पाहिजे असं नाही. तुम्ही कोणाच्या भाड्याच्या घरातली एक खोली घेतली असेल तर तो मूळ भाडेकरू सही करू शकतो, मग मालकाचं नाव त्यात लिहायचं.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ओळखीतून एक खोली मिळाली, डिपॉझिट दिलं, सामान लावलं, आणि दहाव्या दिवशी कागद मागितला तर खोली देणारा म्हणाला की या पत्त्यावर नोंदणी होणार नाही. कारण त्याने मालकाला न विचारताच खोली दिली होती. आम्ही नवे, भाषा येत नव्हती, भांडायचं कसं तेही माहीत नव्हतं, शेवटी दुसरं घर शोधलं नि डिपॉझिट परत मिळवायला चार महिने मागे लागावं लागलं. खरं तर कायद्याने घर देणाऱ्याला तो कागद तुम्ही राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत द्यावाच लागतो, आणि तो देत नसेल तर तसं तुम्ही ब्युर्गरआम्टला लगेच कळवायचं असतं, त्याला दंड होऊ शकतो. हे तेव्हा माहीत असतं तर आम्ही तिथेच ठाम राहिलो असतो.

तर जाहिरात वाचताना दोन वाक्यं ओळखायला शिका. 'आन्मेल्डुंग म्योग्लिख' असेल तर नोंदणी होईल. 'काइने आन्मेल्डुंग' असेल तर होणार नाही, ती खोली कितीही स्वस्त असली तरी सोडा. काहीच लिहिलं नसेल तर पैसे द्यायच्या आधी मेसेज करून विचारा आणि उत्तर लेखी ठेवा. विद्यार्थ्यांच्या सरकारी होस्टेलात हा प्रश्न येत नाही, ते कागद स्वतःहून देतात, म्हणून तिथे अर्ज ॲडमिशन मिळाल्या मिळाल्या टाका. आणि जो मालक सांगतो की मी परदेशात आहे, तुम्ही डिपॉझिट पाठवा नि मी चावी कुरियर करतो, तो मालक नसतो, पैसे जातात.

आता पैसे घेऊन खोटा पत्ता देणारे लोकही भेटतात, सोशल मीडियावर उघड जाहिराती असतात. त्या वाटेला जाऊ नका. राहत नाही त्या घरी नोंदणी करणं बेकायदा आहे, आणि असा पत्ता विकणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड आहे. तुमचा परवाना पुढे त्याच कागदावर उभा राहणार, तो खोटा निघाला तर काय होईल याचा विचार करा.

चौदा दिवस

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते. विमानातून उतरल्या दिवसापासून नाही, घरात शिरल्या दिवसापासून. उशीर झाला तर कायद्यात १,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण बर्लिनसारख्या शहरात अपॉइंटमेंटच, तिला टेर्मिन म्हणतात, कधीकधी तीन-चार आठवडे मिळत नाही, आणि ते त्या ऑफिसलाही माहीत असतं. म्हणून पहिल्या दिवशीच ऑनलाइन बुकिंग करा आणि बुकिंगचा ईमेल जपून ठेवा, तुम्ही वेळेत प्रयत्न केला होता याचा तो पुरावा. बर्लिनमध्ये कुठल्याही भागातलं ब्युर्गरआम्ट चालतं, आपल्याच भागातलं पाहिजे असं नाही, त्यामुळे दूरचं मिळालं तरी घ्या. सकाळी ऑफिस उघडायच्या सुमाराला साइट पुन्हा पुन्हा बघत राहा, लोक रद्द करतात त्या वेळा मोकळ्या होतात. फोन करायचा तर सरकारी कामांसाठी ११५ नंबर आहे.

त्या दिवशी बरोबर न्यायचं ते असं: पासपोर्ट व्हिसासकट, भरलेला नोंदणीचा फॉर्म, घर देणाऱ्याचा कागद, लग्नाचा दाखला, मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले. एकाच घरात राहणारं कुटुंब असेल तर एकच मोठा माणूस सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन गेला तरी चालतं.

ऑफिसात गेलात की भिंतीवर स्क्रीन असतो, तुमच्या बुकिंगचा नंबर आणि पुढे टेबलाचा नंबर दिसतो, नाव कोणी पुकारत नाही, म्हणून मोबाइलमध्ये डोकं घालून बसू नका. माझ्या वेळी टेबलावर एक साठीच्या बाई होत्या, त्यांनी माझा पासपोर्ट स्वतःकडे फिरवून घेतला, एक एक अक्षर बोटाने धरत टाइप केलं, मग स्क्रीन माझ्याकडे वळवून सांगितलं, बघ बरोबर आहे का. तिथे घाई करू नका. मी माझ्या नावातला एक उलटा-सुलटा झालेला 'एच' तिथेच पकडला, नाहीतर तो पुढे टॅक्सपासून विम्यापर्यंत सगळीकडे गेला असता. दहा मिनिटांत काम झालं आणि शिक्का मारलेला कागद हातात, तो म्हणजे मेल्डेबेश्टेटिगुंग. घरी जाऊन लगेच स्कॅन करा, पुढचे दोन महिने प्रत्येक जण तोच मागणार.

भाषा जर्मनच असते, इंग्रजीत बोलतील याची खात्री धरू नका. कोणी ओळखीचं असेल तर सोबत न्या, तिथले मराठी मंडळाचे ग्रुप आहेत, गोवेकरांचे ग्रुप आहेत, विचारलं तर कोणीतरी येतं. आम्हाला पहिल्या वेळी म्हापशाचा एक मुलगा भेटला होता, आधी कधी ओळख ना पाळख, अर्धा दिवस रजा काढून आला.

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. त्याचं कारण चर्च टॅक्स. तुम्ही कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट असं लिहिलं तर तुमच्या इन्कम टॅक्सच्या ९ टक्के, बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांत ८ टक्के, इतकी रक्कम पगारातून कापून चर्चला जाते. पगाराच्या नव्हे, टॅक्सच्या टक्के. हिंदू लोकांना हा टॅक्स लागत नाही. आपल्या ख्रिश्चन मित्रमैत्रिणींना हे जायच्या आधीच सांगून ठेवा. कोणाला मनापासून द्यायचं असेल तर चांगलंच आहे, पण माहीत असून द्यावं. नंतर थांबवायचं तर चर्चमधून अधिकृतपणे बाहेर पडल्याची नोंद करावी लागते, आणि आपल्या बार्देश-सासष्टीच्या माणसाला ते किती जड जाईल हे मी सांगायला नको.

पत्रपेटी

आपल्याकडे पत्ता कसा असतो? घर नंबर, वाडा, आणि कंसात 'देवळाच्या मागे' किंवा 'खुरसाकडे'. नंबर चुकला तरी पत्र येतं, कारण पोस्टमन घरातल्या माणसांना नावाने ओळखतो, नसाल तर शेजारी देऊन जातो. तिथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. रस्त्याचं नाव, इमारतीचा नंबर, बस्स. आत चोवीस पत्रपेट्या एका ओळीत, आणि पोस्टमन पेट्यांवरची नावं वाचत पत्रं टाकतो. तुमचं नाव नसेल तर पत्र परत.

आमचं तेच झालं. पेटीवर फक्त घरमालकिणीचं आडनाव होतं, आमचं लावायचं आमच्या डोक्यातच आलं नाही, आणि टॅक्स नंबरचं पत्र आलं तसं परत गेलं. हा नंबर अकरा आकडी असतो, पहिल्या नोंदणीनंतर टॅक्सचं केंद्रीय ऑफिस तो आपोआप पाठवतं, साधारण दोन ते चार आठवड्यांत, आणि पोस्टानेच पाठवतं, फोनवर किंवा ईमेलवर सांगत नाही. तो कंपनीला दिला नाही तर पगारातून सहाव्या वर्गाने टॅक्स कापतात, तो सगळ्यात जास्त. नवऱ्याचा पहिला पगार हातात आला तेव्हा आम्ही दोघं स्लिप घेऊन किचनमध्ये उभेच राहिलो, भाडं कसं भरायचं तेच कळेना. पुढे नंबर पुन्हा मागवला नि नंतरच्या पगारांत हिशोब जुळला, पण ते दोन महिने कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत.

म्हणून चावी हातात आली की त्याच दिवशी पेटीवर आणि खालच्या बेलवर नाव लावा, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने. आधी कागदावर लिहून चिकटपट्टीने लावलं तरी चालतं, छान प्लेट मालक नंतर बसवेल. खोली भाड्याने असेल नि मालक नाव लावू देत नसेल तर पत्त्यात तुमच्या नावाखाली 'बाय' (बी-ई-आय) लिहून मुख्य भाडेकरूचं आडनाव टाकायचं, म्हणजे अमक्याच्या घरी.

नवरा-बायको दोघंही तिथे असाल तर टॅक्सचा वर्ग लग्नाच्या नोंदीवरून ठरतो, त्यासाठी तो दाखला पहिल्याच दिवशी दाखवलेला बरा. बायको किंवा नवरा अजून गोव्यातच असेल तर तोवर तुम्ही पहिल्या वर्गात, म्हणजे एकट्या माणसासारखे.

नोंदणीनंतर आणखी एक पत्र येतं, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, रुंडफुंकबायट्राग. घरात टीव्ही असो वा नसो, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो. लोकांना वाटतं फसवणूक आहे आणि ते फाडून टाकतात, नंतर दंडासकट येतं. ते खरं असतं. चार मुलं मिळून राहत असाल तर एकानेच भरायचं, बाकीच्यांनी त्याचा वर्गणीचा नंबर कळवायचा.

व्हिसा संपायच्या आधी

आता आउसलेंडरबेहोर्डे. व्हिसावरची शेवटची तारीख बघा आणि तिच्या खूप आधी, शक्यतो नोंदणीच्या आठवड्यातच, राहण्याच्या परवान्याचा अर्ज टाका. बहुतेक शहरांत ऑनलाइन होतो. लागतं ते: पासपोर्ट, नोंदणीचा कागद, भाड्याचं ॲग्रीमेंट, आरोग्य विम्याचं पत्र, नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट किंवा विद्यापीठाचा प्रवेश, विद्यार्थ्यांना पैशांचा पुरावा. ब्लॉक केलेल्या खात्यात, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचे नि दर महिन्याला ठरावीकच काढता येतात अशा खात्यात, वर्षाला ११,९०४ युरो ही रक्कम २०२४ च्या सप्टेंबरपासून आहे, पुढे बदलू शकते, जाताना कॉन्सुलेटच्या साइटवर बघा. फोटोचं एक नवीन आहे, १ मे २०२५ पासून कार्डासाठी कागदी फोटो घेत नाहीत, डिजिटल लागतो, तो ऑफिसातल्या मशीनवर किंवा मान्यता असलेल्या फोटोवाल्याकडे काढतात. म्हणजे म्हापशाच्या स्टुडिओतून वीस फोटो काढून नेण्यात अर्थ नाही.

अर्ज तारखेच्या आत गेला असेल आणि उत्तर यायला वेळ लागत असेल तर एक तात्पुरता कागद मिळतो, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. त्यावर राहता येतं. पण त्या कागदावर मध्येच गोव्याला यायचं असेल तर आधी बघा की त्यात तिथल्या परदेशी लोकांच्या राहण्याच्या कायद्यातल्या कलम ८१ चा परिच्छेद ४ टिक केलाय की ३. चार असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं, तीन असेल तर नाही. चवथीची तिकिटं काढून बसलेल्या आणि हे माहीत नसलेल्या मुलीला मी विमानतळावरून परत घरी आणलंय, तिची आई इकडे वाट बघत होती, त्या संध्याकाळी तिला फोनवर काय सांगायचं तेच आम्हाला सुचत नव्हतं.

कार्डाची फी साधारण १०० युरो. कार्ड यायला काही आठवडे लागतात, आणि त्यावर तुमचा पत्ता असतो.

स्कूटरवाल्यांसाठी: आपलं भारतीय लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सहा महिने कधी सुरू झाले हे विचारलं की नोंदणीची तारीखच बघतात.

घर बदललं तर, देश सोडला तर

त्याच शहरात दुसऱ्या घरी गेलात तरी पुन्हा चौदा दिवसांत नोंदणी, त्याला उममेल्डुंग म्हणतात, आणि पुन्हा नव्या घर देणाऱ्याचा तोच कागद. कार्डावर नवीन पत्त्याचं स्टिकर तिथेच लावून देतात. पोस्टाला पैसे भरून जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्या घरी वळवून घेता येतात, ते घर सोडायच्या एक-दोन आठवडे आधी करा, तोपर्यंत जुन्या पेटीवरचं नाव काढू नका.

जर्मनी कायमची सोडत असाल तर आबमेल्डुंग. निघायच्या फार तर आठवडाभर आधी किंवा घर सोडल्यापासून दोन आठवड्यांत. तो कागद जपून गोव्याला आणा. विमा बंद करताना, रेडिओची वर्गणी थांबवताना, बँक खातं बंद करताना तोच मागतात, आणि पणजीहून ईमेल करून तो मिळवायला बसलात तर महिने जातात.

काकींच्या मुलाने हे सगळं ऐकून घेतलं, मग आत जाऊन त्याने पासपोर्ट आणला, आणि आम्ही पडवीवर बसून त्याचं नाव मोठ्या अक्षरांत चार पट्ट्यांवर लिहिलं, पेटीसाठी दोन, बेलसाठी दोन. त्याने त्या पासपोर्टच्या कव्हरात ठेवल्या.